ऐनाच्या झाडांचा मालक

फॉर्मवर एकवीस प्रश्न होते. पहिला प्रश्न, धंद्याच्या मालकाचे नाव. तो मी त्रेसष्ट घरांत विचारला. बासष्ट घरांत टाक दौतीत बुडवेपर्यंत उत्तर मिळालं. त्रेसष्टाव्या घरात धुरपताबाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मालक तेच. दुसरं कोन असनार?"

"ते म्हणजे?"

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. शेजारच्या ओट्यावर तिचा दीर केवळराम मासोळीचं जाळं विणत बसला होता. तोच म्हणाला, "लिहा बाई, सुखराम. माझा मोठा भाऊ." मग दाताखालचा दोरा तोडून म्हणाला, "मरून तीन सालं झाली त्याले."

मी टाक थांबवला. दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं.

ही १९५७ सालची, ऐन पितृपक्षातली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि केशोरीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे वडील लक्ष्मीचंद बोदलकशाजवळ धानाची शेती करायचे. आमच्या पोवारांत तेव्हा मुलगी इतकी शिकत नसे, पण वडिलांनी भावकीचं ऐकलं नाही आणि मला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं. मला त्याच्याही पुढे शिकायचं होतं. ते कसं जमणार हे मात्र ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी नागपूरच्या एका कॉलेजचे अर्थशास्त्राचे प्रोफेसर आमच्याकडे आले. कुणाच्या चाकरीत नसलेली, स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारी माणसं या भागात किती आहेत, ती धंद्यात कशी पडतात, कशी टिकतात, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. रविवारी आणि सुटीत घरोघर जाऊन फॉर्म भरायला त्यांना शिकलेली माणसं हवी होती. बायकांशी बोलेल अशी मीच एकटी निघाले. मी पोहे कांडणाऱ्या बायकांकडे गेले, बुरडांकडे गेले, तेलाच्या घाण्यावर गेले. सरांना माझे फॉर्म आवडायचे. ते म्हणायचे, "फुलवंताबाई, नफा कोण घेतो ते सोडा. धंदा बुडाला तर कोण बुडतं ते पाहा. तो मालक." आणि म्हणायचे, "लोक सांगतील ते लिहूच नका. दिसेल ते लिहा." एकदा ते सहज म्हणाले, "तुम्ही मॅट्रिकला बसा. नागपूरला मुलींचं वसतिगृह आहे. पुढचं मी बघतो."

त्या वाक्यानंतर मी रविवारी घरी बसलेच नाही.

केशोरीपासून चार कोसांवर जंगलाला लागून ढिवरांचा एक टोला होता. पंधरा-वीस घरं. ही माणसं तळ्यात मासोळी मारायची आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळायची. कोसा म्हणजे आपलं ते रानरेशीम. किड्यांची अंडी पानाच्या द्रोणात ठेवून द्रोण फांदीला टाचायचे. किडे निघाले की झाडाची पानं खात सुटतात. एका झाडाची पानं संपली की किड्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडावर न्यायची. दिवसभर पाखरं हाकायची, बुंध्याभोवती राख टाकून मुंग्या अडवायच्या. दीड महिन्यानं किडे बोटाएवढे जाड होतात आणि कोसे बांधतात. ते कोसे कोष्टी घेऊन जायचे.

हे काम पुरुषांचंच. झाडांच्या राईत उतरला की पुरुषानं दाढी करायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, मासोळी खायची नाही, घरी झोपायचं नाही. आणि बाईनं राईत पाऊल टाकायचं नाही. बाईची सावली पडली तर किडे सडून गळतात, असं सगळे मानत. वाटेवर पळसाच्या मुळांची दोरी आडवी बांधलेली असे. बायको त्या दोरीशी येऊन दगडावर भात ठेवी आणि मागे न पाहता परत जाई.

सुखराम तीन वर्षांपूर्वी राईतच साप चावून गेला. किडे तेव्हा अर्धे वाढले होते. त्याला मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर झाडं आपल्याकडे येतील असं केवळरामनं धरलं होतं. पण दहाव्याच्या दिवशी धुरपताबाईनं भात नेऊन दोरीशी ठेवला आणि टोल्यात सांगितलं, ते अजून आतच आहेत, काम टाकून गेले नाहीत. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण दगडावरचा भात रोज संपायचा. राईतून पाखरं हाकल्याचा फटफट आवाज यायचा. आणि दिवाळीला धुरपताबाई टोपलीभर कोसे घेऊन आली. केवळरामचे त्या वर्षी त्याहून कमी निघाले होते.

तेव्हापासून त्या राईच्या बाजूला कुणी जळणालासुद्धा फिरकत नव्हतं.

"धंद्यातले निर्णय कोण घेतं?" मी विचारलं. तो चौदावा प्रश्न होता.

"तेच."

"तुम्हाला कसं कळतं?"

"संसार केला ना त्यायच्यासंगं बारा सालं." ती उठली आणि आतून कोसे घेऊन आली. "हे कोनं केलं मंग? तूच सांग."

तिच्या हातांवर कोपरापर्यंत बारीक ओरखडे होते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी असते. झाडावर चढणाऱ्या माणसाचे हात कसे होतात ते मला माहीत होतं. मी मालकाचा रकाना कोरा ठेवला.

पुढच्या रविवारी मी टोल्यात गेले नाही. नाल्याच्या बाजूनं, जिथं दोरी नव्हती तिथून, चपला हातात घेऊन राईत शिरले. भरदुपार होती. आभाळ कोरडं होतं आणि तरीही आत पाऊस पडत होता. अगदी बारीक, सगळीकडून, न थांबणारा. मी हात पुढे केला, तो ओला झाला नाही. मग वर पाहिलं. पानापानावर हिरवे किडे होते, हजारो, आणि ते खात होते. त्यांच्या चावण्याचा आणि खाली पाचोळ्यावर पडणाऱ्या लेंड्यांचा तो आवाज होता. आजही घरात सगळे बाहेर गेले आणि पंखा बंद असला की तो आवाज माझ्या कानात सुरू होतो.

वीस पावलांवर, झाडाच्या दुबेळक्यात, लुगड्याचा काचा मारून धुरपताबाई बसली होती. एका हातानं कोयत्यानं फांदी कापत होती, दुसऱ्यानं ती अशी धरली होती की एक किडा पडू नये. तिचे ओठ हलत होते. काहीतरी मोजत असावी, किंवा कुणाशी बोलत असावी. तिनं मला पाहिलं नाही. मी आले तशी मागे सरले.

घरी येऊन मी रकाना भरला. मालकाचे नाव: धुरपता, विधवा. निर्णय कोण घेतं: स्वतः. काम कोण करतं: स्वतः, एकटी. शेरा: स्वतः डोळ्यांनी पाहिले. आणि खाली माझी सही.

सर दसऱ्याला केशोरीला आले. तो फॉर्म त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. "फुलवंताबाई, हे पाहिलंत का तुम्ही काय आणलंय? अख्ख्या पाहणीत असं दुसरं उदाहरण नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोल्यात निघालो. वाटेत मी म्हणाले, "सर, हे तिथं कुणाला कळायला नको." ते म्हणाले, "अर्थात. फॉर्मवरचं नाव कुणाला सांगायचं नाही हा नियमच आहे." ते चांगले होते. पण टोल्याचे पाटील भैयाजी यांच्या अंगणात त्यांना बाज टाकून बसवलं, गुळाचा चहा दिला, सगळे पुरुष भोवती जमले आणि धुरपताबाई बायकांत मागं उभी असलेली त्यांना दिसली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते उठून उभे राहिले आणि तिला हात जोडले.

"या बाई तुमच्या गावाचं भूषण आहेत," ते म्हणाले. "नवऱ्यामागं एकटीनं जंगलात राहून धंदा उभा केला. शहरातल्या शिकलेल्या बायकांना हे जमलं नसतं."

त्यांना वाटलं, लोक टाळ्या वाजवतील.

भैयाजींनी हातातली चिलीम बाजूला ठेवली. "साहेब, जंगलात म्हंजे? राईत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

"अगं माय!" केवळराम ओरडला. "म्हनून माझे किडे सडून राहिले! दोन झाडं काळी पडली माझी. मी म्हनतो, माझा का नेम चुकला? अन् ही वयनी आत जाऊन राहिली तीन सालं!"

"तुझे किडे तू दारू पिऊन आत जातोस म्हनून सडतात," एक म्हातारी म्हणाली. काही जण हसले.

"तू गप ना, बुढे. साहेब काय खोटं बोलतीन?"

धुरपताबाई पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता, तो सोडला. "मी नाई गेली कधी. दोरीच्या आत माझं पाऊल नाई पडलं. काम तेच करतात."

"साहेबाले कोनं सांगतलं मंग?"

"कोनं सांगतलं ते त्यायले विचार."

सगळ्यांनी मला विचारलं. म्हणजे सगळे फक्त माझ्याकडे वळले. भैयाजी हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तरीनबाई, तू पोरीसारखी आहेस आमच्या. तू गेली होतीस का राईत?"

"हो."

बायकांत कुजबुज झाली. मी दुसऱ्या जातीची, बाहेरची. माझा तो अपराध त्यांनी तिथल्या तिथे पोटात घातला असता. त्यांना दुसरंच हवं होतं.

"का दिसलं तुले? कोन होतं आत?"

धुरपताबाई माझ्याकडे पाहत नव्हती. ती अंगणातल्या सारवणाकडे पाहत होती. मी खरं बोलले असते तर त्याच दिवशी तिची झाडं गेली असती. कदाचित टोल्यातून तीही गेली असती. केवळरामच्या दारात धुणीभांडी करत राहिली असती. आणि माझ्या शेजारी सर उभे होते. त्यांच्या पिशवीत माझ्या सहीचा कागद होता.

"माणूस होता," मी म्हणाले. "डोक्याला फडकं बांधलेला. पाठमोरा होता."

भैयाजींनी हात जोडून कपाळाला लावले. केवळराम मटकन खाली बसला.

परतीच्या वाटेवर सर सायकल हातानं ढकलत कोसभर माझ्याबरोबर चालले. मग सायकल थांबवून त्यांनी विचारलं, "खोटं कुठं आहे? फॉर्मवर की मघाशी अंगणात?"

मी खरं सांगू शकले असते. तिथं फक्त आम्ही दोघं होतो. पण त्यांना राहवलं नाही हे मी सकाळी पाहिलं होतं. पुन्हा राहवेल याची खात्री कोण देणार? मी म्हणाले, "फॉर्मवर."

"शेऱ्यात सही आहे तुमची."

"हो."

त्यांनी पिशवीतून माझे सगळे फॉर्म काढले आणि माझ्या हातात दिले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. "एक खोटा असेल तर उरलेल्यांवर मी विश्वास कसा ठेवू?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं. माझ्याकडचे कोरे फॉर्म परत घेऊन ते निघून गेले. मॅट्रिकचं मग मीही काढलं नाही.

मला वाटलं, माझं जे जायचं ते गेलं, पण तिचं वाचलं. त्या आठवड्यात मी जरा ताठ मानेनंच वावरले.

रविवारी धुरपताबाई चार कोस चालत केशोरीला आली. शाळेच्या मागं कौलांच्या ढिगावर बसली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"कुठं उभे होते ते?"

मला कळलंच नाही. "कोण?"

"ते. तुले दिसले ना? कोन्या झाडापाशी?"

"धुरपताबाई..."

"त्या दिवशी मी उगवतीच्या झाडावर होती," ती भराभर बोलू लागली. "तू नाल्याकडून आली असशीन. म्हंजे ते मावळतीले असतीन. नाल्याच्या अंगाले मोठा ऐन आहे, त्याच्यापाशी का? तिथंच चावला होता त्यायले." तिचा श्वास लागला होता. "तीन सालं झाली. लोकायले सांगाव लागते म्हनून मी सांगत होती. भात मीच खात होती. मले माहीत होतं, आत कोनी नाई. एकदाबी नाई दिसले मले. आवाजबी नाई. अन् तुले कसे दिसले?"

शेवटचा प्रश्न तिनं असा विचारला की मी एक पाऊल मागे सरले. त्यात मत्सर होता. एकोणीस वर्षांच्या परक्या पोरीला तिचा नवरा दिसला होता आणि तिला नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "बारीक झाले होते का?"

"पाठमोरे होते," मी म्हणाले. "नीट दिसलं नाही."

"हो. नाई दाखवत ते तोंड कोनाले." ती उठली, लुगडं झटकलं. चेहरा एकदम सैल झाला होता. "मंग मी कायले आत जाऊ? ते राखून राहिले अन् मी बाई मानूस मधीमधी जाऊन विटाळ करून राहिली. म्हनून नसतीन दिसत मले."

ती गेली. तिच्या पाठीकडे पाहताना मला ते पुरतं कळलं नव्हतं. कळलं ते दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी. अंगणात केवळरामला दारूवरून टोकणारी ती म्हातारी बाजाराला आली होती, तिनं सांगितलं, धुरपता दिवसभर दोरीशी बसून असते, राईकडे पाठ करून. भात दगडावर तसाच राहतो, कावळे खातात. आणि राईतून फटफट येत नाही.

मी वडिलांना चिठ्ठी पाठवली की शाळेचं काम आहे, दिवाळीला येत नाही, आणि टोल्याची वाट धरली. घरी न केलेली ती माझी पहिली दिवाळी.

धुरपताबाई दोरीपासून हातभर अंतरावर बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मी तिला पाहिलं होतं, तिलाच, काचा मारून फांदी कापताना. माणूस कुणी नव्हता. अंगणात मी खोटं बोलले, तिच्यासाठी बोलले. मी तिचे पायही धरले.

ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"भेव लागलं तुले," ती म्हणाली. "मेलेला मानूस दिसला की लागतेच. म्हनून आता नाई म्हनून राहिली. नको भिऊ. वाईट नव्हते ते."

"अहो, पाखरं खाऊन राहिलीत किडे! तुम्ही आत जा."

"ते पाहतीन."

मागे राईत कोतवाल पक्ष्यांचा नुसता गलका चालला होता. ती तो ऐकत होती आणि मान वळवत नव्हती. या बाईला मी पूर्वी त्या झाडावर पाहिलं होतं. एक किडा पडू नये म्हणून तिनं फांदी कशी धरली होती ते पाहिलं होतं.

मी तिला सांगितलं की सुटीभर तुमच्याकडेच राहते, दिवसा शेजारच्या टोल्यात फॉर्म भरायला जाते. रिकामी पिशवी खांद्याला लावली, नाल्याकडून वळसा घातला आणि राईत शिरले.

निम्मी झाडं रिकामी होती. उरलेल्यांवर किडे पानं संपवून बोडक्या फांद्यांना धरून लटकले होते. तिचा कोयता एका बुंध्याला टेकून ठेवलेला होता, आणि चिरलेला बांबू, जो हलवला की पाखरं उडतात. मी तो दोन्ही हातांनी धरून हलवला. फट, फट, फट. कोतवाल उडाले, गलका थांबला. आणि त्या शांततेत दोरीच्या बाजूनं, लांबून, धुरपताबाईचा आवाज आला. ती हसत होती. मग तिनं मोठ्यानं हाक मारून कुणाला तरी, बहुतेक वाटेवरच्या एखाद्या बाईला, सांगितलं, "ऐकलं? आले!"

मी बांबू हातात धरून तशीच उभी राहिले. मग पुन्हा वाजवला.

आठ दिवस मी रोज गेले. माझा आवाज बायकी, म्हणून हाकारे दिले नाहीत, बांबूच वाजवला. किड्याला पहिल्यांदा हात लावला तेव्हा किळस आली. तो थंड होता आणि बोटाला घट्ट धरून राहिला, बाळ धरतं तसा. दुसऱ्या दिवशी किळस गेली. मी फांद्या कापल्या, बांधल्या, बुंध्यांभोवती राख टाकली. कोपरापर्यंत हात सोलले. संध्याकाळी ती घरी गेली की दगडावरचा भात मीच खायचे, कारण तो उरलेला तिला दिसता कामा नये. भातावर ती रोज काहीतरी निराळं ठेवायची. एकदा आंबाडीची भाजी, एकदा तिळाची चटणी. त्याच्या आवडीचं असावं. तिच्या घरी परतून मी पुन्हा तिच्यासोबत जेवायचे आणि ती म्हणायची, "तुले भूक कशी नाई लागत, पोरी? चार घास तर खाय."

पाचव्या दिवशी मावळतीच्या मोठ्या ऐनाभोवती राख होती. ताजी, पांढरी, आदल्या संध्याकाळच्या सरीनंतर टाकलेली. त्या झाडाकडे मी तोवर गेलेच नव्हते. मी धुरपताबाईला विचारलं नाही. केवळराम आत येणं शक्य नव्हतं, तो त्या बाजूला पाहूनसुद्धा चालत नसे. मी त्या झाडाखाली थोडा वेळ थांबले, मग माझ्या कामाला लागले. ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

आठव्या दिवशी बहुतेक किड्यांनी कोसे बांधले. वाळून ते कडक झाले असते तर बरं, पण माझी सुटी संपत होती. मी काढता येतील तेवढे काढले, टोपली भरली आणि ती दोरीच्या आतल्या बाजूला, तिच्या हाताला लागेल अशी ठेवली. सकाळी ती टोपली डोक्यावर घेऊन ती टोल्यात गेली. भैयाजींनी दारातून नमस्कार केला. केवळराम पुढे झाला आणि वहिनीच्या पाया पडला. मी माझी रिकामी पिशवी घेऊन केशोरीच्या वाटेला लागले.

निरोप घेताना ती म्हणाली, "तुझ्या पायगुनानं झालं." तिनं मला पाच कोसे दिले. मी घेतले.

माघात माझं लग्न झालं. नवरा, चुन्नीलाल, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मुनीम होता. शाळा सुटली. रेल्वे फाटकाजवळचं घर, दिवसभर कोंड्याची धूळ, सासूबाई हिंदी बोलायच्या. मी लवकरच त्या घराची झाले. राईचा विचार येत नव्हता असं नाही. पण मी तो असा करायचे की जणू धुरपताबाई एक हंगाम रिकामा गेला की शहाणी होईल, कोयता उचलेल आणि आत जाईल. तिला काम येत होतं. माझ्यापेक्षा शंभर पटीनं येत होतं.

भाद्रपदात एका दुपारी दारात केवळराम उभा. टोपलीत थोडी सुकी मासोळी उरलेली, बाकीची बाजारात विकून आला होता. मी त्याला ओसरीत बसवलं, पाणी दिलं. मला आठवा महिना होता. त्याला ते दिसलं आणि त्यानं नजर दुसरीकडे केली.

"वयनीनं धाडलं," तो म्हणाला. "म्हने, बाईले सांगजो, ते येऊन नाई राहिले."

मी निवडायचं सूप ओढून त्याच्यासमोर बसले.

"श्रावनात अंड्यायचं बीज टांगलं तिनं. नवी दोरी बांधली. तवापासून बसून आहे. पाखरायनं पार धिंगाना घातला बाई. मी म्हटलं, वयनी, मी जातो आत, मी राखतो, कोसे तुझेच. तर दगड घेऊन मागं लागली. म्हने, ते आहेत." त्यानं पाण्याचा लोटा हातात फिरवला. "तुमाले दिसतात म्हने ते. तुमी येऊन त्यायले विचारून जा म्हने. काऊन रुसले. तिचं काय चुकलं."

"किती झाडं राहिली आहेत?"

"सात-आठ."

"तिला कुणाला तरी धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही आत जा, केवळरामभाऊ. आजच जा."

"तो आत असला तर?" तो म्हणाला. पिणारा, तोंडाळ माणूस तो, पण त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "त्याच्या झाडाईवर माझा डोळा होता. त्याले माहीत आहे ते. तुमी खरं सांगा बाई, तुमी पाहिलं ना त्याले?"

आतून सासूबाईंनी हाक मारली, "कौन आया है, बहू?" मी वळून म्हणाले, "गाँव से आए हैं, अम्मा." आणि परत त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं होतं मला. नाही म्हटलं असतं तर तो त्याच संध्याकाळी राईत उतरला असता, सात-आठ झाडं वाचली असती, आणि झाडं त्याची झाली असती. टोल्यात कळलं असतं की तीन वर्षं आत बाईच होती. आणि तिला कळलं असतं की आत कुणी नव्हतंच. मी ते सगळं मनात उलटसुलट करत राहिले. तो टोपली उचलून उभा राहिला.

"तिला सांगा," मी म्हणाले, "दिवाळीला येते."

दिवाळीपर्यंत झाडांवर काही उरणार नव्हतं हे त्यालाही कळत होतं. तरी त्यानं मान हलवली, उरलेल्या मासोळीतली मूठभर माझ्या सुपात टाकली आणि गाडीच्या वेळेला निघून गेला. दिवाळीत माझा मुलगा आठ दिवसांचा होता.